फ्रीजमधली किल्ली

घणसोली, सेक्टर नऊ, तिसरा मजला.
रात्रीचे दोन दहा.
आधी पंखा बंद. मग ट्यूबलाइट, तीही गुणगुणते,
माझ्या षड्जाच्या किंचित खाली.
मग फ्रीज.
फ्रीज बंद केला की स्कूटरची किल्ली
अंड्यांच्या कप्प्यात ठेवते.
एकदा विसरले होते : अख्खी सुरमई गेली,
आई दोन दिवस बोलली नाही,
आणि ते गाणंही धड झालं नव्हतं.

रबाळ्याच्या लॅबमध्ये मी दिवसभर
पाण्यातले क्षार मोजते.
नमुना घ्यायच्या आधी बाटली
त्याच पाण्यानं तीनदा विसळायची,
हे तिथं मला कुणी सांगावं लागत नाही.
घरी मात्र चार वर्षं
मळक्या बाटलीत गाणं भरत होते
आणि मग कॉम्प्युटरवर बसून गाळत होते.
गाळून गाळून आवाज उरायचा
उकळून गार केलेल्या पाण्यासारखा.

वाटायचं, माइकच स्वस्तातला.
वाशीहून दुसरा आणला, बोनसचे साडेअकरा हजार.
त्यानं एवढंच केलं :
वरच्या इदात्यांचा मिक्सर, जिन्यातल्या कुत्र्याचं खाजवणं
सगळं लख्ख ऐकवलं.

तेव्हा कुठं खोलीकडं पाहिलं.
एक टाळी वाजवली. खोलीनं ती परत केली,
कोपऱ्यातून, जरा पत्र्याची करून.
कपाट उघडलं. आईच्या साड्या,
बाबांचे दोन कोट, कुणाला द्यायचे ते अजून ठरत नाही.
त्यांच्याकडं तोंड करून पुन्हा टाळी.
कोटांनी ती ठेवून घेतली.

आता तिथंच गाते.
तोंडापासून माइक एक वीत, वर चार बोटं.
काटा लाल होण्याच्या बराच अलीकडं थांबवते,
ओरडायला जागा राखून,
ओरडायचं नसलं तरी.
आईच्या कशिद्याच्या रिंगवर जुना पायमोजा ताणलाय,
'भ' आणि 'फ' त्यावर आपटून मऊ होतात.
'बाबा' तरीही फुटतो.
तो शब्द आला की मान जरा डावीकडं,
भिंतीला सांगितल्यासारखं.

चार पन्नासला पाण्याची मोटर.
किसनराव खिल्लारे, आमचे वॉचमन, हिंगोलीकडचे,
माझा मिस कॉल येईपर्यंत बटण दाबत नाहीत.
परवा म्हणाले, "ताई, येवढं काय करता रातभर?"
त्यांच्या फोनवर गाणं पाठवलं.
काच तडकलेली, फोन स्टीलच्या पेल्यात उभा.
दोनदा ऐकलं, नजर गेटवर ठेवून.
"गाणं बेस हाय. पर बोल कळंनात.
कुणी नळाखाली बसून बोलल्यावानी."

हेडफोनमधली माझी मखमल
त्या पेल्यात चिखल झाली होती.
वर आले. तंबोरा मागं सारला,
गिटारच्या पोटातला घुमारा कापला.
खाली. पेला. मान हलली नाही.
पुन्हा वर. आवाजावर चढवलेली गुहेतली घुम
(तिच्यावर माझा फार जीव होता) काढून टाकली.
खाली.
लिफ्ट बंद, पायांत गोळे.
पाचव्या खेपेला ते काहीच बोलले नाहीत.
मोटर लावायला उठले
आणि जाता जाता दुसरी ओळ म्हणाले,
चाल साफ चुकीची,
शब्द सगळे बरोबर.

अजून तिसरं कडवं नीट बसत नाही.
तिथं श्वास पुरत नाही माझा,
आणि श्वास काही कुठल्या बटणानं येत नाही.
त्यासाठी आज नुसतीच कोटांसमोर उभी राहिले,
मिनिटभर काही न गाता रेकॉर्डिंग चालू ठेवलं.
नंतर ऐकलं : लांबून ठाणे-बेलापूर रस्ता,
कपाटाच्या बिजागरीची एक कुरकुर,
आणि मी, नाकानं.

सातची शिफ्ट.
फ्रीज चालू करते, तो खाकरतो.
किल्ली उचलते. गारठलेली,
लसणाच्या चटणीचा वास लागलेला.